अत्यावश्यक नसेल तर

१ मे १९१५ च्या सकाळी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत क्युनार्ड कंपनीच्या जहाजांची नेहमीची जाहिरात होती. त्याच दिवशी लिव्हरपूलकडे निघणाऱ्या ल्युसितानियाचे नाव तिच्यात होते. या जाहिरातीला लागूनच एका चौकटीत वॉशिंग्टनमधल्या जर्मन वकिलातीचा मजकूर छापला होता. अटलांटिक ओलांडू पाहणाऱ्यांना त्यात स्मरण दिले होते की जर्मनी आणि ब्रिटन यांच्यात युद्ध सुरू आहे, ब्रिटिश बेटांभोवतीचा समुद्र युद्धक्षेत्रात मोडतो, आणि ब्रिटनचे निशाण लावलेल्या जहाजातून जो जाईल तो स्वतःच्या जोखमीवर जाईल. खाली तारीख होती २२ एप्रिल. लिहिल्यापासून नऊ दिवसांनी, सामान बंदरावर पोचल्यावर, हा मजकूर प्रवाशांच्या हाती पडला. ७ मे रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने ल्युसितानिया बुडवली. बाराशेच्या आसपास माणसे गेली. त्यांत १२८ अमेरिकन होते.

इशारा देणारा आणि टॉर्पेडो सोडणारा एकच, हा या घटनेतला विचित्रपणा सगळ्यांच्या लक्षात राहतो. अभ्यासकाने लक्ष द्यावे ते तिच्यानंतर वॉशिंग्टनमध्ये झालेल्या वादाकडे. परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांचे म्हणणे असे की, लढणाऱ्या देशांच्या जहाजांतून जाऊ नका, हे आपल्या माणसांना आपल्याच सरकारने सांगितले पाहिजे. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना ते पटेना. तटस्थ देशाच्या नागरिकाला समुद्रावरून जाण्याचा हक्क आहे; आपणच त्याला ‘जाऊ नकोस’ म्हटले तर तो हक्क आपण होऊन सोडल्यासारखे होईल, आणि जहाज बुडवणाऱ्याचा दोष जहाजात बसणाऱ्यावर जाईल, अशी त्यांची भूमिका. जर्मनीला जायच्या दुसऱ्या खलित्यावर सही करण्याऐवजी ब्रायन यांनी जूनमध्ये राजीनामा दिला. पुढच्या वर्षी गोर आणि मॅक्लेमोर या दोघा लोकप्रतिनिधींनी असा इशारा द्यावा म्हणून ठराव आणले, ते विल्सन यांनी वजन खर्च करून बाजूला सारायला लावले. आणि १९३५ च्या तटस्थता कायद्यात काय आले? लढणाऱ्या देशाच्या जहाजातून जाणारा अमेरिकन स्वतःच्या जोखमीवर जाईल. जर्मन वकिलातीच्या चौकटीतला शब्द वीस वर्षांनी अमेरिकेच्या कायद्यात येऊन बसला.

परदेशी जाणाऱ्या नागरिकांना सरकारे ज्या सुरक्षा-सूचना देतात, त्यांच्या अभ्यासात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. तिची सुरुवात मी मुद्दाम त्या चौकटीपासून केली. या विषयातले जवळजवळ सगळे झगडे ब्रायन आणि विल्सन यांनी तेव्हाच भांडून ठेवले आहेत. सांगितले नाही तर निष्काळजीपणा, सांगितले तर जबाबदारी झटकली. नागरिकाला सांगितलेली गोष्ट दुसरा देशही ऐकत असतो, आणि काही काळाने चौकशी आयोगही ऐकतो. सूचना लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला एकच वाक्य या तिघांच्या कानांना चालेल असे बसवायचे असते. म्हणून ही वाक्ये इतकी घोटीव आणि इतकी निर्जीव वाटतात. ती वाचायला शिकणे, हेच इथले पहिले काम.

आधी शब्दाचे पाहू, कारण मराठीत तो अजून ठरलेला नाही. वर्तमानपत्रे ‘ॲडव्हायजरी जारी’ असे सरळ छापतात. कधी मार्गदर्शक सूचना, कधी इशारा, कधी खबरदारीचा सल्ला. हे शब्द एका वजनाचे नाहीत. सल्ला नाकारता येतो. इशारा नाकारता येतो, पण पुढे काही झाले तर ‘सांगितले होते’ हे ऐकून घ्यावे लागते. पेशवाईच्या कागदांत ताकीदपत्रे सापडतात, आणि ताकीद ही नाकारायची गोष्ट नसे. आजची ॲडव्हायजरी कायद्याने सल्लाच आहे. सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या २१ व्या कलमात धरले. त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा आला, आणि १९७८ च्या मनेका गांधी निकालाने हा पाया आणखी पक्का केला. सरकारला खरोखर अडवायचे असेल तर सूचनेने भागत नाही, पासपोर्टच्या कायद्याकडे जावे लागते. २०१७ मध्ये भारताने येमेनला जाण्यावर बंदी घातली आणि अमेरिकेने आपला पासपोर्ट उत्तर कोरियाच्या प्रवासाला अवैध ठरवला, ते या दुसऱ्या जातीचे निर्णय. बाकी सगळा कारभार विनंतीच्या भाषेत चालतो.

विनंती असली तरी तिच्यामागे पैसा उभा असतो, हे मात्र विसरू नये. ब्रिटनचे परराष्ट्र खाते एखाद्या ठिकाणी जाऊ नका म्हणाले की सहल कंपन्या सहली रद्द करतात, आणि तरीही जाणाऱ्याचा विमा सहसा निकामी होतो. म्हणजे सरकारने हुकूम सोडलेला नसतो, पण विमान रिकामे राहते. ही गंमत गांबियाला महागात पडली. पश्चिम आफ्रिकेतला हा चिमुकला देश ब्रिटिश पर्यटकांच्या हिवाळी सुट्ट्यांवर बराचसा जगत होता. जुलै १९९४ मध्ये तिथे याह्या जामेह यांनी रक्तपात न होता सत्ता घेतली. नोव्हेंबरमध्ये, म्हणजे नेमक्या हंगामाच्या तोंडावर, लंडनहून ‘जाऊ नका’ असा सल्ला आला. सहल कंपन्या निघून गेल्या, हॉटेले बंद पडली, आणि मार्च १९९५ मध्ये सल्ला मागे घेतला गेला तेव्हा हंगाम उलटून गेला होता. रिचर्ड शार्पली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये या प्रकरणावर लेख लिहिला आणि शीर्षकातच विचारले की हा प्रवासाचा सल्ला म्हणायचा की व्यापारबंदी. नव्या वाचकाने सुरुवात इथून करावी असे मी सुचवीन. छोटा लेख आहे, आणि एकदा वाचला की सूचना ही निव्वळ माहिती असते हा भ्रम उरत नाही.

उलट बाजूची चूकही पाहू. ट्युनिसमधल्या बार्दो संग्रहालयावर मार्च २०१५ मध्ये हल्ला झाला. ब्रिटनच्या सूचनेत दहशतवादाचा धोका मोठा असल्याचे लिहिलेले होते. पण किनाऱ्यावरच्या सूसला जाऊ नका, असे म्हटलेले नव्हते. २६ जूनला तिथल्या हॉटेलात आणि वाळूवर एका बंदूकधाऱ्याने ३८ जणांना मारले, त्यांत ३० ब्रिटिश. ९ जुलैला सल्ला बदलला आणि तो दोन वर्षे तसाच राहिला. पुढे लंडनच्या चौकशीत या प्रश्नावर बराच खल झाला की धोक्याचे ते वाक्य सहल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर आणले होते का. बालीची कहाणी याच वळणाची. १२ ऑक्टोबर २००२ च्या स्फोटांत २०२ माणसे मेली, त्यांत ८८ ऑस्ट्रेलियन; आणि ऑस्ट्रेलियाची त्याआधीची इंडोनेशियाविषयीची सूचना एकीकडे बॉम्बच्या शक्यतेविषयी बोलत होती, तर दुसरीकडे बालीतले पर्यटनाचे व्यवहार सुरळीत असल्याचे सांगत होती. दोन्ही विधाने खरी होती. घरच्यांनी सुट्टीची तिकिटे काढताना दुसरे वाचले असेल तर त्यांना दोष कसा द्यावा?

लॉकर्बीच्या प्रकरणावर मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण आजच्या पद्धतीचा एक खांब तिथे रोवला गेला. ५ डिसेंबर १९८८ रोजी हेलसिंकीतल्या अमेरिकन दूतावासात एक निनावी फोन आला: फ्रँकफर्टहून अमेरिकेला जाणाऱ्या पॅन ॲमच्या एखाद्या विमानात दोन आठवड्यांत बॉम्ब ठेवला जाईल. ही माहिती विमान कंपन्यांना आणि दूतावासांना कळवली गेली. मॉस्कोच्या दूतावासात तर ती तिथल्या अमेरिकन मंडळींसाठी फळ्यावरच लावली. तिकीट खिडकीवर उभ्या असलेल्या सामान्य माणसाला ती कुणी सांगितली नाही. २१ डिसेंबरला लंडनहून न्यूयॉर्ककडे निघालेले पॅन ॲमचे १०३ क्रमांकाचे विमान स्कॉटलंडमधल्या लॉकर्बी गावावर फुटले. विमानातले २५९ आणि खाली गावातले ११, एकूण २७० जण गेले. फोनचा आणि बॉम्बचा काही संबंध नव्हता, तो फोन लबाडीचा होता, असाच निष्कर्ष तपासात निघाला. पण मृतांच्या नातेवाइकांना त्यात कसले समाधान? फळ्यावरचा कागद वाचून दूतावासातल्या माणसाला तिकीट बदलण्याची संधी होती, आमच्या मुलांना का नव्हती, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. त्यातून अमेरिकेने एक नियम घालून घेतला: दूतावासाच्या माणसांना धोक्याची जी माहिती द्याल, ती सर्वसामान्य नागरिकांनाही द्या. नियम न्यायाचा आहे. त्याची किंमत अशी की सूचनांची संख्या वाढत गेली, आणि लांडगा आला रे आला ही गोष्ट आपल्याकडे पहिली-दुसरीतच शिकवतात.

या गर्दीवर तोडगा म्हणून अमेरिकेने जानेवारी २०१८ पासून जगातल्या सगळ्या देशांना चार पायऱ्यांत बसवले. पहिलीवर नेहमीची काळजी, दुसरीवर जास्त काळजी, तिसरीवर ‘जायचे का याचा फेरविचार करा’, चौथीवर ‘जाऊ नका’. शेजारी धोक्याच्या प्रकाराचे अक्षर. गुन्हेगारी, दहशतवाद, दंगली, आजार यांच्यात पुढे अपहरणाचे अक्षर आले, आणि २०२२ मध्ये परक्या सरकारने विनाकारण अटकेत ठेवण्याचेही. भारत दुसऱ्या पायरीवर आहे. जून २०२५ च्या सूचनेत आणखी एक ओळ आहे, ती आपल्याला जवळून पाहण्यासारखी: पूर्व महाराष्ट्र आणि उत्तर तेलंगणापासून पश्चिम बंगालच्या पश्चिम भागापर्यंतच्या ग्रामीण पट्ट्यात अमेरिकन सरकार आपल्या नागरिकांना तातडीची मदत फारशी करू शकत नाही, आणि सरकारी कर्मचाऱ्यांनी तिथे जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी. माओवाद्यांचा उल्लेख असल्याने आपल्याला रोख गडचिरोलीकडे आहे हे लगेच कळते. वॉशिंग्टनमध्ये नकाशा उघडून बसलेल्या माणसाला ताडोबाही पूर्व महाराष्ट्रातच दिसणार. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर पहाटे जिप्सी घेऊन उभ्या असलेल्या चालकाला या ओळीविषयी काय वाटेल, याचा विचार केला की गांबियाच्या हॉटेलातला वाढपी एकदम ओळखीचा होतो. पुण्यामुंबईचा वाचक अशा ओळीने दुखावतो, ‘आमच्याकडे असे काही नाही’ म्हणतो. दुखावून घेण्यापेक्षा ती ओळ जपून ठेवावी. आपले सरकार दुसऱ्या देशाविषयी लिहिते तेव्हा तिकडचा जिप्सीवाला कोण, हे शोधायला ती उपयोगी पडते.

परराष्ट्र खात्यांच्या या भाषेवर सर्वांत टोकदार लेख २००७ चा, इस्राएली अभ्यासक ओदेद लोवेनहाइम यांचा. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की सूचनेतून सरकार नागरिकाला जबाबदार प्रवासी बनवू पाहते: माहिती आम्ही दिली, आता निर्णय आणि त्याचे परिणाम तुझे. मला हा मुद्दा मान्य आहे, पण अर्धाच. लोवेनहाइम यांच्या आणि एकूणच पाश्चात्त्य अभ्यासातला प्रवासी हा पर्यटक आहे. त्याने सुट्टी काढलेली आहे, त्याचे परतीचे तिकीट खिशात आहे, आणि जाणे रद्द केले तर त्याचा हिरमोड होईल, फार तर आगाऊ भरलेले पैसे जातील. भारतातून बाहेर जाणारा माणूस पुष्कळदा वेगळा असतो. तो कामाला जातो किंवा शिकायला जातो. त्याला परत फिरायचे तर विमानाच्या तिकिटापेक्षा बरेच काही लागते. भारतातल्या अभ्यासकाने या क्षेत्रात काय भर घालावी, असे मला कुणी विचारले तर माझे उत्तर हेच आहे, आणि पुढची पाने मी त्यासाठीच खर्ची घालणार आहे.

एक शब्द धरून चालू. ‘अत्यावश्यक’. जगभरच्या सूचनांमधला हा सर्वांत कष्टाळू शब्द. ब्रिटनची एक ठरलेली पायरीच आहे: अत्यावश्यक असेल तरच जा. अत्यावश्यक कशाला म्हणायचे? ब्रिटिश खाते सांगते की ते तुमचे तुम्ही ठरवायचे. मे २००२ च्या अखेरीस भारत-पाकिस्तान सीमेवर फौजा भिडलेल्या असताना अमेरिकेने आपल्या नागरिकांना भारत सोडायला सांगितले, आणि दूतावासातल्या अत्यावश्यक नसलेल्या कर्मचाऱ्यांना निघण्याची मुभा दिली. तो शब्द बंगळूरच्या संगणक कंपन्यांच्या कचेऱ्यांत पोचला. अमेरिकन गिऱ्हाईक येईनासे झाले. थॉमस फ्रीडमन यांनी त्या वर्षी असा तर्क मांडला की युद्ध टळण्यात या कंपन्यांनी दिल्लीवर आणलेल्या दडपणाचाही वाटा होता. तर्क जरा गोड आहे, मी तो पुराव्याइतका धरत नाही. पण एका सूचनेची झळ कुठवर जाते, याचे उदाहरण म्हणून तो ध्यानात ठेवावा.

आता कीव्ह. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी तिथल्या भारतीय दूतावासाने सांगितले की, परिस्थितीची अनिश्चितता पाहता युक्रेनमधल्या भारतीयांनी, विशेषतः ज्यांचे राहणे अत्यावश्यक नाही अशा विद्यार्थ्यांनी, तात्पुरते देश सोडण्याचा विचार करावा. पाच दिवसांनी, २० तारखेला, वाक्य बदलले: ज्यांचे राहणे अत्यावश्यक नाही अशा सर्व भारतीयांनी, आणि सर्व विद्यार्थ्यांनी, तात्पुरते निघावे. दोन्ही सूचना शेजारी ठेवून पाहा. पहिलीत विद्यार्थी त्या अटीच्या आत आहेत, दुसरीत अटीच्या बाहेर काढले आहेत. ‘विचार करावा’ जाऊन ‘निघावे’ आले आहे. कुणीतरी, बहुधा रात्री उशिरा, ही उचलाउचल विचारपूर्वक केली असणार. पण वीस वर्षांच्या पोराला फोनवर दोन्ही सारखीच दिसली.

माझ्या ओळखीच्या एका घरात, मराठवाड्यात, त्या आठवड्यात रोज रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल लागत असे. मुलगी चौथ्या वर्षाला. वडील म्हणत, निघून ये. तिचे म्हणणे, हजेरी कापतील, ऑनलाइन वर्ग घेऊ असे कॉलेज काही लिहून देत नाही, आणि तिकीट पाहिलेत का केवढ्याला झालेय? आई मध्येच विचारी, बाकीच्या मुली काय करतायत? प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटाला फोन केला तर तो म्हणाला, सर, दर वर्षी असे असते, काही होत नाही. कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला. या घरात ‘अत्यावश्यक’ या शब्दाचा अर्थ कुणी सांगायचा होता? दूतावासाच्या लेखी ते राहणे अत्यावश्यक नव्हते; घराने जमिनीचा एक तुकडा त्यावर लावला होता.

हे एका घरापुरते नव्हते. २२ तारखेला दूतावासाला आणखी एक सूचना काढावी लागली की ऑनलाइन वर्गांबद्दल विचारणारे फार फोन येत आहेत, विद्यापीठाच्या खुलाशाची वाट न पाहता निघा. २४ तारखेला पहाटे रशियाचा हल्ला सुरू झाला आणि आकाश बंद झाले. नंतर मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी संसदेत जे निवेदन केले ते या विषयाच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावे. जानेवारीत दूतावासाने नावनोंदणी सुरू केली तेव्हा सुमारे २०,००० जणांनी नावे दिली; २३ फेब्रुवारीपर्यंत त्यांतले ४,००० च्या आसपास निघाले होते. बाकीचे का थांबले याची कारणेही निवेदनात आहेत: अभ्यास बुडण्याची भीती, काही विद्यापीठांनी जाऊ नका म्हणून घातलेली गळ, आणि चहूकडून येणारे उलटसुलट सल्ले. पुढे सरकारच्या ‘ऑपरेशन गंगा’ या सुटकेच्या मोहिमेत आणि तिच्या आगेमागे मिळून साडेबावीस हजारांवर माणसे परत आली. विमानतळावरच्या फुलांची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. संशोधनाला खरा माल आहे तो १५ ते २३ फेब्रुवारीच्या नऊ दिवसांत.

याआधी, २०१४ च्या उन्हाळ्यात, इराकमधल्या तिक्रितच्या रुग्णालयात ४६ भारतीय परिचारिका, बहुतेक केरळच्या, अडकल्या होत्या. शहर इराकी सरकारच्या हातचे गेले होते; तरी त्यांच्यातल्या काहींचा पाय निघत नव्हता, कारण पगार थकला होता आणि शिक्षणाचे कर्ज घरी वाट पाहत होते. त्या जुलैमध्ये कोचीला सुखरूप पोचल्या. बाहेरून पाहणाऱ्याला हा अविचार वाटतो. आपल्या वाचकाला वाटू नये. मराठीतल्या प्रवासवर्णनांची परंपराच अशा माणसापासून सुरू होते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले ते हौसेने नव्हे. घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल, हा हिशेब होता. मग बंड उसळले आणि भटजी त्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ शौर्यकथा म्हणून वाचतात; कर्जापायी निघालेल्या माणसाला परतीची वाट कशी बंद असते, याचे पुस्तक म्हणून ते आमच्या वाचनयादीत असायला हरकत नाही.

सरकारला हा फरक अगदीच कळत नाही असे नाही. १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली, दहावी न झालेल्या माणसाला आखाती देशांसह अठरा देशांत कामासाठी जायचे तर आधी सरकारची मंजुरी लागते. पासपोर्टवर तशी नोंदच असते. या मंजुरीच्या मागे करार पाहणे, पगार पाहणे, मालक पाहणे असा खटाटोप आहे, आणि तो चुकवून देणाऱ्या दलालांचा धंदाही आहे. म्हणजे कमी शिकलेल्याला राज्य परवान्याने राखते आणि शिकलेल्याला सल्ल्याने. ही वाटणी किती जुनी झाली आहे ते सप्टेंबर २०२२ मध्ये दिसले. परराष्ट्र मंत्रालयाने त्या महिन्यात सूचना काढली ती संगणकात तरबेज तरुणांसाठी. थायलंडमध्ये डिजिटल विक्रीची नोकरी सांगून त्यांना सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावाडी भागात नेले जात होते आणि तिथे कोंडून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामे करून घेतली जात होती. यांच्या पासपोर्टवर मंजुरीची अट नव्हती. त्यांना फसवणारी जाहिरातही फोनवर आली आणि सरकारची सूचनाही फोनवरच आली. जाहिरात आधी आली, एवढाच फरक.

कामाला कसे लागावे, याबद्दल थोडे. पहिली अडचण कागदाची आहे. बऱ्याच देशांच्या सूचना त्याच पानावर बदलल्या जातात. नवी चढली की जुनी दिसेनाशी होते. म्हणून रोजची सूचना त्याच दिवशी उतरवून घ्यायची सवय लावा, तारखेसह आणि शक्य तर वेळेसह. भारतात अमेरिकेसारख्या कायमच्या पायऱ्या नाहीत, प्रसंग आला की दूतावास किंवा मंत्रालय लिहिते. त्यामुळे आपल्याकडे दोन सूचनांमधले अंतर हीच पायरी समजून वाचावे लागते. एकाच दिवशी एकाच शहराबद्दल तीन देशांनी काय लिहिले ते शेजारी लावून पाहा. कुणाचे विमान जाणार आहे आणि कुणाचे नाही, हे त्यांच्या क्रियापदांवरून बऱ्याचदा कळते. राजकारणही असते. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताने कॅनडातल्या आपल्या लोकांना द्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांपासून जपायला सांगितले आणि त्याच महिन्यात कॅनडाने पाकिस्तान सीमेलगतच्या दहा किलोमीटरच्या पट्ट्यात जाऊ नका असे आपल्या लोकांना सांगितले, तेव्हा दोन्ही सूचना कुणाला उद्देशून होत्या हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. या भागात मात्र रमू नका असे सांगेन. राजनैतिक टोमणे शोधणे सोपे आहे, आणि सूचनेची वाट पाहत बसलेला माणूस त्यात हरवतो.

या लेखनाचा एक नमुना मी माझ्या वर्गात पहिल्याच दिवशी देतो, आणि त्यावर बोलत नाही. २ मार्च २०२२, खार्किव. आदल्या दिवशी तिथे कर्नाटकातला एक विद्यार्थी गोळीबारात मारला गेला होता. दुपारी दूतावासाची सूचना आली: खार्किवमधल्या सर्व भारतीयांनी ताबडतोब शहर सोडावे आणि कोणत्याही परिस्थितीत आज संध्याकाळी सहाच्या आत, युक्रेनच्या वेळेनुसार, पुढील ठिकाणी पोचावे. नंतरच्या सूचनेत या ठिकाणांची अंतरे दिली होती. पेसोचिन, ११ किलोमीटर. बाबाये, १२ किलोमीटर. बेझल्युदोव्का, १६ किलोमीटर. ज्यांना बस किंवा गाडी मिळत नाही आणि जे रेल्वे स्टेशनवर आहेत, त्यांनी चालत निघावे. ‘अत्यावश्यक’ हा शब्द तिच्यात कुठेच नाही.